मोठेपणी सायकल शिकणाऱ्या बायकांना काय सांगू, आणि शिकवू कसं?

निळी_सायकल

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमचा मैत्रिणींचा एक छोटा गट आहे, पस्तिशीपासून साठीपर्यंतच्या सगळ्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना सायकल येत नाही. बहुतेकींची कहाणी एकच, भाऊ शिकला आणि ह्या राहिल्या, नंतर लग्न मुलंबाळं नोकरी, मग आता या वयात कुठे असं म्हणून विषय बंद. तर आम्ही ठरवलंय की काही रविवार सकाळी मोकळ्या मैदानावर जमायचं आणि ज्यांना येत नाही त्यांना शिकवायचं. पहिल्या दिवशी सुरुवातीला दहा मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलंय.

सायकलने बायकांना स्वातंत्र्य दिलं असं आपण सगळीकडे वाचतो, पण नेमकं कसं दिलं ते कुणी नीट सांगत नाही. गटातल्या एका काकूंनी तोंडावर विचारलं, अगं आता घरोघरी गाड्या आहेत, सायकलीनं असं काय होणारे? मला त्यांना गुळमुळीत उत्तर द्यायचं नाहीये. ज्यांना हा इतिहास माहितीये त्यांनी प्लीज लिहा.

आणि दुसरा प्रश्न प्रॅक्टिकल. मोठ्या बाईला शिकवताना मागून सीट धरून पळायचं का? की अजून काही पद्धत आहे? सगळ्यांना पडायची जाम भीती आहे.

पानोपानी

मस्त उपक्रम! इतिहासाचं मी सांगते, माझा आवडीचा विषय आहे त्यामुळे जरा लांबेल.

आधी सायकल म्हंजे पुढे भलंमोठं चाक आणि मागे एवढंसं, त्यावर चढायचं म्हणजेच कसरत, आणि घोळदार कपडे घालून तर अशक्यच. 1885 मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर नावाची सायकल आणली, दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन, आणि 1888 मध्ये डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. या दोन गोष्टींनी सगळं बदललं. पाय जमिनीला टेकायला लागले आणि हाडं खिळखिळी होणं थांबलं. मग मधली दांडी खाली वाकवलेली सायकल आली, चेनला कव्हर आलं, मागच्या चाकाला दोऱ्यांची जाळी आली म्हणजे स्कर्ट आऱ्यांत जाऊ नये. बायकांसाठी वस्तू बदलली, आणि थोड्याच वर्षांत वस्तूसाठी बायकांनी कपडे बदलले. कमरेला आवळलेला कॉर्सेट घालून दम कसा पुरणार? त्यामुळे सैल विजारी आल्या, आणि खरा गदारोळ तिथे झाला.

1893 मध्ये टेसी रेनॉल्ड्स नावाची 16 वर्षांची मुलगी ब्रायटनहून लंडनला आणि परत अशी साडेआठ तासांत गेली, दांडीवाली पुरुषांची सायकल आणि गुडघ्यापर्यंतची विजार. पेपरवाले तिच्या वेळेपेक्षा विजारीवरच जास्त लिहीत बसले. 1898 मध्ये लेडी हार्बर्टन अशाच कपड्यांत सायकलवरून एका हॉटेलात गेल्या, तर मालकिणीने त्यांना कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही, बारच्या बाजूला बसा म्हणाली. सायकलवाल्यांच्या क्लबने कोर्टात खेचलं आणि केस हरले. डॉक्टर लोक पण मागे नव्हते, सायकल चालवून बायकांचा चेहरा कायमचा ताणलेला राहतो, डोळे बाहेर येतात असं गंभीरपणे छापून यायचं.

तुमच्या गटाला मात्र फ्रान्सिस विलार्ड यांची गोष्ट नक्की सांगा. अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या मोठ्या पुढारी, आणि सायकल शिकल्या वयाच्या 53 व्या वर्षी. रोज थोडा थोडा वेळ, काही महिने. सायकलला नाव ठेवलं ग्लॅडिस आणि 1895 मध्ये त्या शिकण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात आपली भीती, तोल जाणं, सगळं आहे. आणि 1896 मध्ये सुझन अँथनी, ज्यांनी बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी आयुष्य घालवलं, त्या एका मुलाखतीत म्हणाल्या की बायकांना मुक्त करायला जगात इतर कशाहीपेक्षा सायकलने जास्त केलंय. तुम्ही म्हणताय ते वाक्य बहुतेक तिथूनच पसरलं.

खरं_सांगू_का

पानोपानींनी छान लिहिलंय, पण ताई तुम्ही बोलताना एक काळजी घ्या. सायकलने स्वातंत्र्य *दिलं* म्हटलं की ज्यांनी भांडून मिळवलं त्या बायका बाजूला राहतात. शिक्षणासाठी मतासाठी मालमत्तेसाठी चळवळी सायकलच्या आधीपासून चालू होत्या. सायकलने त्या बायकांना रस्त्यावर आणलं, दिसायला लावलं, आणि म्हणूनच राग सायकलवर निघाला. 1897 मध्ये केंब्रिजला बायकांना पदवी द्यायची की नाही यावर मतदान होतं, विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांनी काय केलं तर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा करून चौकात वर टांगला. ठराव पडल्यावर त्याच पुतळ्याच्या चिंध्या केल्या. म्हंजे शिकलेली बाई दाखवायची तर सायकलवर बसलेलीच दाखवावी लागली त्यांना. तिथे बायकांना पूर्ण पदवी मिळायला 1948 उजाडलं.

दुसरं, सुरुवातीला सायकल महाग होती, मजूर बाईला कुठली परवडायला. आणि अमेरिकेत सायकलवाल्यांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने 1894 मध्ये नियमच केला की सभासद फक्त गोरे. बॉस्टनची किटी नॉक्स, कपडे शिवून पोट भरणारी, वडील कृष्णवर्णीय, ती नियमाच्या आधीपासून सभासद होती. 1895 च्या संमेलनाला ती स्वतः शिवलेल्या विजारीत हजर राहिली आणि कार्ड दाखवलं. तिच्यावरून केवढी चर्चा झाली. मला वाटतं तुमच्या दहा मिनिटांत एखाद्या मोठ्या घरच्या बाईऐवजी किटी नॉक्सला जागा द्या.

आणि हे सगळं सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे असंही नाही. सौदीत 2013 मध्ये बायकांना सायकल चालवायला परवानगी मिळाली ती फक्त बागेबिगेत, अंगभर कपडे आणि सोबत घरचा पुरुष या अटींवर. इराणमध्ये 2016 ला सर्वोच्च धर्मगुरूंनी सार्वजनिक ठिकाणी बायकांनी सायकल चालवू नये असं सांगितलं. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची सायकल शर्यत 1896 पासून, बायकांची पहिली 1984 ला.

मैलाचा_दगड

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर युरोप अमेरिकेत शोधायची गरज नाही खरंतर. तमिळनाडूतला पुदुकोट्टई जिल्हा बघा. 1991 च्या सुमारास तिथे साक्षरता मोहीम सुरू झाली, अरिवोळी इयक्कम, आणि तेव्हाच्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी ठरवलं की अक्षरांबरोबर सायकल पण शिकवायची. कारण साधं होतं. वाचायला शिकलेली बाई गावाबाहेर जाऊच शकत नसेल तर ती शिकून करणार काय? कार्यकर्त्या बायकांना सायकलसाठी कर्ज मिळवून दिलं. शेतमजूर, दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या, गावच्या नर्सबाई, सगळ्या शिकल्या, सायकलवर गाणी रचली गेली. लेडीज सायकली कमी पडल्या तर जेंट्स घेतल्या, आणि बऱ्याच जणींना जेंट्सच जास्त आवडली, कारण दांडीवर लेकराला बसवता येतं!

माल विकायला शेजारच्या गावात जायचं, पाणी आणायचं, मूल शाळेत सोडायचं, आणि बसची वाट बघण्यात जाणारा वेळ वाचला. आधी बस नाहीतर नवरा, भाऊ, बाप यांच्यापैकी कुणीतरी मोकळं होईपर्यंत थांबायचं. काकूंना हेच विचारा की घरातली गाडी कुणाच्या हातात असते आणि चावी मागावी लागते का. गाडी आहे पण मला सोडायला कुणी नाही, असं म्हणणाऱ्या बायका मी रोज बघतो. सायकल त्यातून सुटका करते, लायसन नाही, पेट्रोल नाही, कुणाला विचारणं नाही.

आकडे हवे असतील तर बिहार. 2006 मध्ये सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घ्यायला पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या झारखंडशी आणि मुलांशी तुलना करून अभ्यास केला, तर मुलींची नववीतली नोंदणी 32 टक्के वाढली आणि मुलगा मुलगीमधला फरक 40 टक्के कमी झाला. मुख्य म्हणजे हा फायदा जिथे हायस्कूल 3 किलोमीटरहून लांब होतं तिथे जास्त दिसला. म्हणजे नुसती फुकट वस्तू मिळाली म्हणून नव्हे, अंतर कापता आलं म्हणून. आणि एकाच वर्गातल्या सगळ्याच मुलींकडे सायकल आल्यामुळे त्या घोळक्याने जायला लागल्या, एकट्या मुलीकडे जसं बघितलं जातं तसं घोळक्याकडे कुणी बघत नाही. हा मुद्दा तुमच्या गटाला लागू आहे. शिकून झाल्यावर दोघी तिघींनी मिळून निघायचं ठरवा.

निळी_सायकल

बापरे किती काय काय दिलंत, मनापासून आभार. चावीचा प्रश्न मी काकूंना विचारणारच आहे, आणि विलार्डबाईंपासून सुरुवात करते कारण 53 ऐकलं की आमच्यातल्या अर्ध्याजणी ताठ बसतील. किटी नॉक्स पण घेणार.

आता शिकवायचं कुणी सांगा ना. आमच्याकडे तीन लेडीज सायकली आहेत आणि एक दांडीवाली. एकजण गुडघेदुखीवाली आहे तिला चालेल का? आणि सीट टोचते अशी तक्रार आधीच आलीये.

तोल_सांभाळ

मी बरीच वर्षं मोठ्यांना शिकवतोय, त्यात बायकाच जास्त. मागून सीट धरून पळणं पहिल्यांदा बंद करा. धरणाऱ्याचा हात असला की शिकणारी तोल स्वतः सांभाळतच नाही, सगळं लक्ष मागे, सोडलं का सोडलं का. आणि मग खरंच सोडलं की घाबरून पडते, आणि विश्वास जातो तो वेगळाच.

त्याऐवजी दोन्ही पायडल काढून टाका. पंधरा नंबरचा पाना लागतो. एक लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की निघतं, जोर लावून नेहमीसारखं फिरवाल तर अजून आवळत जाईल. मग सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, टाचांसकट. झालं. आता पडायची भीती कशाची, पाय जमिनीवरच आहेत. आधी नुसतं बसून चालायला लावा, मग दोन्ही पायांनी एकदम ढकला देऊन पाय वर उचलायला सांगा, एक सेकंद, दोन सेकंद. अगदी हलका उतार मिळाला तर फार सोपं जातं. गवतावर नको, पडलं तर लागणार नाही म्हणून लोक गवतावर नेतात पण चाक ओढलं जातं, वेग मिळत नाही, आणि वेग नसला की तोल राहत नाही.

याच वेळी ब्रेक शिकवा, पायडल लावायच्या आधी. दोन्ही ब्रेक हळूहळू एकत्र दाबायचे. ज्या बाईला आपण हवं तिथे थांबू शकतो हे कळलं तिची अर्धी भीती तिथेच गेली, हे मी शंभर टक्के खात्रीने सांगतो. आणि नजर. सगळ्या जणी पुढच्या चाकाकडे बघतात, आणि खड्ड्याकडे बघितलं की सायकल खड्ड्यातच जाते. लांब एखादं झाड दाखवा आणि तिकडे बघत राहायला सांगा.

उतारावर पाय उचलून आरामात जायला लागल्या, थोडं वळायला लागल्या, की मग पायडल लावा. एक पायडल वर आणि थोडं पुढे ठेवून त्यावर जोर देऊन निघायचं. इथे घाई नको, कुणाला तासाभरात जमतं कुणाला तीन रविवार लागतात, दोन्ही ठीकच. आणि बघे नकोत! नवरे, मुलं, मोबाईलवर व्हिडिओ काढणारे कुणीही पहिल्या दिवशी मैदानावर नको. मोठ्या बाईला चुकताना बघितलं जायची लाज पडण्याच्या भीतीपेक्षा जास्त असते, हे बोलून दाखवत नाहीत पण असतं.

गुडघेदुखीवाल्या ताईंनी आधी डॉक्टरांना विचारावं, बहुतेकदा चालतं. पण शिकताना सीट खाली असते तसंच पुढे चालवत राहिलं तर गुडघ्यावर ताण येतो. चालवता यायला लागलं की सीट वर घ्या, पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. आणि मऊ गुबगुबीत सीट घेऊ नका, थोड्या वेळाने तीच जास्त टोचते. बायकांची बसायची हाडं साधारण जास्त अंतरावर असतात म्हणून मागे जरा रुंद सीट लागते, मधे खाच असलेली मिळाली तर उत्तम, नसेल तर आहे त्याच सीटचं टोक एक अर्धा बोट खाली झुकवून बघा.

खरं_सांगू_का

तोल_सांभाळ यांना +१, बघ्यांच्या मुद्द्यासाठी तर दोनदा. फक्त एक भर. शिकवून सोडून देऊ नका. कितीतरी जणी शिकतात आणि रस्त्यावर निघतच नाहीत, कारण रस्ता भीतीदायक आहे आणि ती भीती खोटी नाही. नेदरलँड्समध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त सायकल चालवतात आणि जिथे वेगळे सायकल मार्ग नाहीत तिथे नेमक्या त्याच कमी दिसतात, यात धाडसाचा काही संबंध नाही, रस्त्याचा आहे. त्यामुळे शेवटच्या रविवारी प्रत्येकीने आपल्या रोजच्या जायच्या दोन ठिकाणांचा आतल्या गल्ल्यांमधून जाणारा रस्ता कागदावर काढायचा, आणि आधी चालत जाऊन बघायचा.

निळी_सायकल

कागदाची आयडिया घेतलीच. पाना आज मागवते. दांडीवाल्या सायकलवर कुणाला शिकवू, की ती बाजूलाच ठेवू?

तोल_सांभाळ

बाजूला ठेवू नका, फक्त पहिल्या दिवशी ठेवा. घाबरली की माणूस पटकन पुढे उतरतो, तेव्हा दांडी मधे येते. नंतर उंच बाईला तीच बरी पडते. आणि पायडल परत लावताना डावं उजवं बघून लावा, टोकाशी अक्षर कोरलेलं असतं, सुरुवातीचे आटे हाताने फिरवा, जड लागलं की थांबा, नाहीतर आटे जातात.