फुलपाखराचा कोष खाली पडलाय, परत कसा लटकवू? लवकर सांगा

घाईघाईत (सोमवार, रात्री ९:४०)
सकाळी आईने फांदी छाटली आणि तिच्यावरचा कोष खाली पडला. आता परत लटकवायचा कसा? यूट्यूबवर सगळे व्हिडिओ मोनार्क फुलपाखराचे. त्याचा कोष उलटा लोंबकळतो, आमचा तसा नव्हता. सध्या डबीत कापसावर ठेवलाय, झाकणाला भोकं पाडली आहेत. राणी पाकोळी (ते मोठं काळं-निळं फुलपाखरू) आहे म्हणून जास्त काळजी. प्लीज माहीत असणाऱ्यांनीच लिहा.

नुसताच_वाचक
फांदी कसली?

शेतावरून
लिंबाचीच असणार. कोषाचं राहू द्या, झाड बघा. या अळ्या आठवड्यात रोप बोडकं करतात. संध्याकाळी निंबोळी अर्क मारा.

पंखवेडा
अहो, त्यांनी कोषाचं विचारलंय. @घाईघाईत, एवढं सांगा: कोष झाला कधी, रंग कोणता, लांबी किती आणि हात लावल्यावर हलतो का? आणि राणी पाकोळी हे कशावरून ठरवलं?

घाईघाईत
हो, लिंबूच, कुंडीतलं. रंग हिरवा. कधी झाला ते बघितलं नाही, शनिवारी दिसला. राणी पाकोळी कारण ती लिंबावर अंडी घालते असं वाचलं. लटकवायचं कसं ते सांगा ना.

चहाबाज
ग्लू गनचा एक थेंब काडीवर, त्यावर शेपटीचं टोक. दोन मिनिटांचं काम. मी तीन कोष असेच लावलेत.

गच्चीतली_बाग
गरम गोंद? जिवंत कोषाला? त्यापेक्षा दोऱ्याचा सैल फास करा.

चहाबाज
गोंद आधी निवू द्यायचा असतो हो. आणि फास करताना कोष चेपला तर?

कट्ट्यावरचा
राणी पाकोळी काय म्हणता, निलवंत म्हणा. २०१५ साली आपल्या राज्याचं फुलपाखरू झालं ते. राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. देशातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू आहे.

पंखवेडा
दोन्ही नावं चालतात. पण सगळ्यात मोठं नाही. तो मान गोल्डन बर्डविंगचा, २०२० मध्ये १९४ मिलिमीटर पंखविस्ताराची मादी नोंदवली गेली. त्याआधी सदर्न बर्डविंग होतं, १९० मिलिमीटर.

कट्ट्यावरचा
चार मिलिमीटरसाठी विक्रम गेला म्हणायचा.

घाईघाईत
लोक हो, कोष!!

पंखवेडा
लटकवायची गरजच नाही. आधी कापूस काढा, बाहेर येताना पाय तंतूंत अडकतात. खाली खरखरीत कापड किंवा टिश्यू पेपर घाला, त्यावर कोष आडवा ठेवा आणि अगदी शेजारी काडी किंवा जाळी उभी करा. बाहेर आलं की ते आधी चढायला काहीतरी शोधतं. पंख तेव्हा चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे असतात. शरीरातला द्रव शिरांत ढकलून ते फुलवायचे असतात आणि त्या वेळी पंख खाली मोकळे लोंबायला हवेत. डबीत ते होणार नाही, पंख वाकडेच सुकतील. वर वीतभर जागा ठेवा.

ही जात उलटी लोंबकळत नाही हे तुम्ही बरोबर पाहिलंय. शेपटी रेशमाच्या गादीत रुतलेली आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा, विजेच्या खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या पट्ट्यासारखा. तुमचा तो धागा तुटला असणार. लांबी अजून सांगितली नाहीत.

घाईघाईत
मोजली. जेमतेम ३ सेंटीमीटर. बोट लावलं तर मागचा भाग वळवळतो. कापूस काढला. आता मोठ्या खोक्यात ठेवलाय, बाजूला मच्छरदाणीचा तुकडा टांगलाय.

पंखवेडा
वळवळतो म्हणजे जिवंत आहे. राणी पाकोळीचा कोष याहून बराच मोठा असतो. हा लिंबाळीचा किंवा कॉमन मॉर्मनचा वाटतो, दोन्ही लिंबावर येतात. अळी लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी आणि नंतर हिरवी होती ना? डिवचल्यावर डोक्यामागून शिंगं काढून घाण वास सोडायची?

घाईघाईत
हो हो. शीट समजून आईने दोनदा पुसायला घेतली होती. पण राणी पाकोळीच असेल बघा, अळी खूप मोठी होती.

गच्चीतली_बाग
माझा एक कोष काळा पडला तो तसाच राहिला. नंतर बघते तर बारीक बारीक भोकं.

पंखवेडा
परोपजीवी गांधीलमाशी. कोष ताजा, मऊ असताना ती त्यात अंडी घालते. काळा पडला म्हणजे मेलाच असं मात्र नाही. आदल्या दिवशी साल पारदर्शक होते आणि आतले पंख दिसतात. नक्षी दिसली तर शुभ, नुसता काळा आणि ताठ असेल तर गेला.

सूर्यफूल
फुलपाखरांचे फोटो सकाळच्या उन्हात छान येतात. फ्लॅश वापरू नका.

घाईघाईत (गुरुवार, सकाळी ७:१५)
कोष काळा झालाय!! आत पिवळे ठिपके दिसतायत!

पंखवेडा
लिंबाळी. आता हात लावू नका.

घाईघाईत (७:५२)
बाहेर आलंय, मच्छरदाणीवर चढलंय. पण खालून लालसर पाणी गळलं. रक्त आहे का?? पडल्यामुळे लागलं असेल का??

पंखवेडा
रक्त नाही. कोषात साठलेला मळ आहे, नवीन फुलपाखरू तो टाकतंच. पंख पूर्ण सुकायला तासदोन तास द्या, मग खोकं उघडं करून बाहेर ठेवा.

घाईघाईत (१०:३०)
उडालं. काळं, पिवळट ठिपके, मागच्या पंखांवर एकेक लाल ठिपका, शेपूट नाही. एक पंख टोकाला किंचित दुमडलेला होता पण उडालं नीट, पलीकडच्या गच्चीपर्यंत दिसत होतं. धाकट्या बहिणीला मी निळं येणार म्हणून उठवलं होतं, ती आता बोलत नाहीये.

कट्ट्यावरचा
राज्य फुलपाखरू हुकलं मग.

शेतावरून
बरं झालं. आता अर्क कधी मारताय?