ड्रॅगनला वर्षाला किती शेळ्या लागतील?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे, त्यात अडकलेय. मोठ्या ज्वालामुखीचा स्फोट, आभाळभर राख, दोन-तीन वर्षं धड ऊन नाही, शहरं ओस पडलेली. संगमेश्वर तालुक्यात तुरळ-राजवाडीच्या बाजूला दोनेकशे माणसं तग धरून आहेत. आणि तीन ड्रॅगन. जादूचे नाहीत, स्फोटाआधी प्रयोगशाळेत घडवलेले आणि नंतर सुटलेले. प्रत्येकी दोन टन, उडतात, आग ओकतात.

नवऱ्याने पहिली तीन प्रकरणं वाचून एवढंच विचारलं, "हे खातात काय?" म्हटलं, शेळ्या. "किती?" तेव्हापासून चौथं प्रकरण पुढे सरकत नाहीये. कोणाला प्राण्यांच्या खाण्याचा हिशोब येत असेल तर मदत करा. "कल्पित आहे, काहीही चालतं" हे उत्तर नको, ते मी स्वतःला देऊन झालं.

खवचट_काकू
दोन टनांचा प्राणी उडतो हे नवऱ्याने मान्य केलं आणि शेळ्यांवर अडला? गुणी आहे हो.

गुरांचा_डॉक्टर
ताई, नोकरीची बरीच वर्षं विदर्भात जनावरांच्या दवाखान्यात गेली, आता निवृत्त आहे. प्रश्न आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

जनावर नुसतं पडून राहिलं तरी त्याला दिवसाला किती ऊर्जा लागते, याचं आमचं नेहमीचं सूत्र आहे: वजनाचा (किलोत) ०.७५ घात, गुणिले ७०. दोन टनांना साधारण २१,००० किलोकॅलरी. हे बसून. हिंडणारं, शिकार करणारं असेल तर दुप्पट धरा, म्हणजे ४२,०००. उस्मानाबादी शेळी तीसेक किलोची. हाडं, आतडी, सगळ्यासकट गिळली तर जेमतेम एवढंच मिळेल. म्हणजे रोज एक शेळी. तीन ड्रॅगन, वर्षाला हजाराच्या वर शेळ्या. एवढ्या शेळ्या दरवर्षी कापायला मिळाव्यात तर मागे सात-आठशे माद्यांचा कळप हवा, आणि चारा नसताना तो दोनशे माणसांनी कशावर जगवायचा? तुमचे ड्रॅगन माणसांच्या आधी मरतील. फार तर माणसांना खाऊन मरतील.

वजनाचंही सांगतो. आजवर माहीत असलेला सगळ्यांत मोठा उडणारा प्राणी म्हणजे क्वेट्झलकोॲटलस. पंखांचा पसारा १०-११ मीटर आणि वजन मात्र २००-२५० किलोच्या घरात. ड्रॅगन २५० किलोचा करा. त्याच सूत्राने पाच दिवसांना एक शेळी पुरेल. तो उडतो ते आठवड्यातून एखाद्या वेळी, एरवी कड्यावर पडून, असं लिहा. उडणं फार महाग असतं.

पिंपळपान
डॉक्टर, दंडवत. पण २५० किलो म्हणजे एखाद्या गायीएवढा. दरारा कसा वाटणार? आणि सरपटणारा, थंड रक्ताचा केला तर?

गुरांचा_डॉक्टर
गायीएवढा प्राणी अंगावर आला की दरारा वाटतो, माझा अनुभव आहे.

थंड रक्ताचा केलात तर खाणं एकदम दहाव्या हिश्श्यावर येतं. इंडोनेशियातला कोमोडो ड्रॅगन, म्हणजे खरीखुरी मोठी घोरपड, एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो आणि मग दिवसचे दिवस काही लागत नाही. २५० किलोच्या तुमच्या प्राण्याला दीड महिन्याला एक शेळी. हे गावाला झेपेल.

पण मग तुमची राख आडवी येते. टांबोरा ज्वालामुखी एप्रिल १८१५ मध्ये फुटला आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. थंड रक्ताच्या प्राण्याला सकाळी उन्हात अंग शेकल्याशिवाय हलताही येत नाही, शेकलं नाही तर पोटातलं पचतही नाही, आत कुजतं. उष्ण रक्ताचा उपाशी मरेल आणि थंड रक्ताचा गारठून. माझ्या मते तुमची कथा इथेच आहे.

रानवेडा
अहो पण जागा तर तुरळ-राजवाडीची निवडली आहे ना ताईंनी! तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हेरे, उन्हवरे, अरवली, तुरळ, राजवाडी अशी कोकणात रांगच आहे. ही उष्णता जमिनीच्या पोटातून येते, वर ऊन असो वा नसो. काही ठिकाणी हात घालवत नाही एवढं पाणी कढत असतं. ड्रॅगन कुंडावर येऊन बसणारच. आणि लाकूडफाटा ओला, थंडी मरणाची, म्हणजे माणसंही तिथेच येणार.

पिंपळपान
रानवेडा, मी ती जागा निव्वळ आजोळ म्हणून घेतली होती! चौथं प्रकरण मिळालं. कुंड एक आणि दावेदार दोन.

आता आगीचं काय करू?

अर्धवट_रसायनवाला
आगीसाठी सोपा मार्ग फॉस्फिन वायू. लेखिका ॲन मॅककॅफ्रीच्या कथांतले पर्न ग्रहावरचे ड्रॅगन (पहिली कथा १९६७ची, तिला पुढच्या वर्षी विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला) एक खास दगड चावून खातात, पोटात फॉस्फिन होतो आणि हवेला लागताच पेटतो. धान्यात कीड लागू नये म्हणून ज्या विषारी गोळ्या ठेवतात, त्यातून हाच वायू निघतो. सडक्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास. तुमच्या गावकऱ्यांना ड्रॅगन दिसायच्या आधी लसणाचा वास येईल, वापरा.

तिथली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. ड्रॅगन आकाशातून पडणारे जीवघेणे तंतू जाळतात आणि त्या बदल्यात वस्त्या ड्रॅगनवाल्यांना दशांश देतात. मग ४०० वर्षं तंतू पडतच नाहीत आणि लोक म्हणायला लागतात, यांना फुकटचं का पोसायचं? तुमच्या गावातही हा प्रश्न उठू द्या.

खवचट_काकू
दशांश म्हणजे आपली सरदेशमुखीच की. चौथाई मागत नाहीत म्हणजे ड्रॅगन मवाळ आहेत. ताई, शेळ्यांची नोंद ठेवणारा एक कुळकर्णी घाला, भांडणं आपोआप होतील.

गुरांचा_डॉक्टर
फॉस्फिन ठीक. मिथेन मात्र नको, बरेच जण तो घालतात. मिथेन रवंथ करणाऱ्यांचा: एक गाय दिवसाला २५०-५०० लिटर ढेकरेतून सोडते. पोटफुगीच्या जनावराला डाव्या भकाळीत, म्हणजे कुशीच्या खळग्यात, ट्रोकार ही टोकदार नळी खुपसली की फुस्स करून वायू बाहेर येतो, फेसाचे शिंतोडे तोंडावर उडतात, आणि कोपराएवढं वर आलेलं पोट डोळ्यांदेखत बसतं. त्या वेळी गोठ्यात कोणी विडी ओढत असेल तर मी आधी त्याला बाहेर काढायचो. पण तो वायू कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्यांच्या पहिल्या पोटात, चारा आंबून होतो. शेळ्या गिळणाऱ्याकडे तो येणार कुठून?

राखेतल्या विषाबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी ज्वालामुखीच्या भेगेतून लाव्हा आणि वायू आठ महिने येत होते. त्यातलं फ्लोरीन गवतावर बसलं. सुमारे ८० टक्के मेंढ्या आणि निम्मी गुरं गेली, मागून दुष्काळात माणसं. यवतमाळ-चंद्रपूरकडे भूजलात फ्लोराइड, म्हणजे फ्लोरीनचाच क्षार, जास्त आहे, तिथे मी गुरांचे दात बघितलेत: पिवळट-तपकिरी डाग, खडबडीत, एक झिजलेला आणि शेजारचा वाढलेला. चारा तोंडात घेतात आणि चावता येत नाही म्हणून टाकून देतात.

म्हणजे तुमच्याकडे पहिलं वर्ष ड्रॅगनची चंगळ. मेलेल्या शेळ्या, गुरं जागोजाग पडलेली. पिल्लं घालतील, वाढतील. उपासमार दुसऱ्या वर्षी, तीही वाढलेल्या कुटुंबाला.

पिंपळपान
बाप रे. आणि त्या विषारी शेळ्या खाऊन ड्रॅगनला काहीच होणार नाही?

गुरांचा_डॉक्टर
होणार तर. फ्लोराइड मांसात फारसं राहत नाही, हाडांत साठतं. माणसं मांस काढून हाडं टाकतील, त्यांचं निभेल. ड्रॅगन हाडांसकट गिळतो. गुरांत हाडांवर गाठी येतात, सांधे आखडतात, जनावर लंगडतं, पुढे गुडघ्यांवर चरायला लागतं. पंखाच्या सांध्यात तेच झालं तर उडणं संपलं.

दातांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. गायीचा एकदा आलेला दात फ्लोराइडने बिघडत नाही, घडत असताना बिघडतो, म्हणून वासरांना त्रास जास्त. सरपटणाऱ्यांचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात. म्हणजे तुमच्या म्हाताऱ्या ड्रॅगनचेही पुढचे सगळे दात डागाळलेले, ठिसूळ येतील.

पिंपळपान
म्हणजे दुसऱ्या वर्षी कुंडावर बसलेला ड्रॅगन उडू शकत नाही, चावू शकत नाही, पण गावाला हे माहीत नाही?

गुरांचा_डॉक्टर
गुराख्याला कळेल. तो खाली पडलेले दात उचलून बघेल.

रानवेडा
पुभाप्र, म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!