बांगलादेशी मुलीच्या केसमध्ये कोणतं कलम लागतं?

शनिवारची_दुभाषी: पुण्यातल्या एका संरक्षणगृहात मी दर शनिवारी बंगालीसाठी जाते (सासर कोलकात्याचं, त्याचा हा असा उपयोग!). खुलन्याची एक मुलगी आहे, १९ वर्षांची. शिवणकामाला म्हणून आणली आणि बुधवार पेठेत वेश्याव्यवसायासाठी विकली. काल विचारत होती, "दलालाला मीच हो म्हटलं होतं, मग गुन्हा माझाच ना?" काय सांगू? पोलिसांनी फक्त पीटा (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा) लावलाय.

जुना_वकील: ताई, तिला आधी सांगा, त्या 'हो'ला कायद्यात काडीची किंमत नाही. भारतीय न्याय संहितेचं मानवी तस्करीचं कलम १४३ पाहा. पीडितेची संमती तिथे गैरलागू आहे, शिक्षा ७ ते १० वर्षं. शिवाय कलम १४१ : २१ वर्षांखालच्या मुलीला अशा कामासाठी परदेशातून आणणं. १ जुलै २०२४ च्या आधीचा प्रकार असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं ३७० आणि ३६६-ब. नुसत्या पीटावर थांबू देऊ नका.

चहा_कमी_साखर: कलमं ढीगभर आहेत हो, पण वेगळ्या कायद्याचं काय झालं? २०१८ चं तस्करीविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि २०१९ मध्ये बारगळलं. पासपोर्ट नाही म्हणून तिलाच घुसखोर ठरवतील, ते बघा.

जुना_वकील: त्यासाठी केंद्रीय गृह खात्याची २०१२ ची सूचना आहे. तपासात पीडित ठरली तर तेव्हाच्या परदेशी नागरिक कायद्याखाली (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला) खटला भरू नये, असं तीत म्हटलंय. प्रत काढून तपास अधिकाऱ्याच्या हातात द्या.

शनिवारची_दुभाषी: काका, प्रत काढते. 'गैरलागू'ला सोपा बंगाली शब्द शोधतेय.