'गोळ्या फेका, टेन्स लावा' म्हणणाऱ्या अप्पांना

नीलांबरी (धागाकर्ती)

परवा अप्पा_मिरजकर यांनी 'नसांच्या दुखण्यावर बिनगोळ्यांचा रामबाण' अशी पोस्ट टाकली. टेन्सच्या मशीनने (कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देतं ते) त्यांच्या तळपायांची आग थांबली, आनंद आहे. पण शेवटी लिहिलंय, 'गोळ्या फेकून द्या, साइड इफेक्ट शून्य, कुणीही कुठेही लावावं.' खाली सगळे 'मस्त', 'लिंक द्या', 'मीही मागवलं'. तेव्हा मी काही बोलले नाही. पण ती पोस्ट फिरत फिरत आमच्या सासूबाईंच्या फोनवर आली, त्यामुळे आता बोलणार.

सासूबाईंना गेल्या वर्षी नागीण झाली, उजवीकडे छातीखाली. फोड गेले, दुखणं राहिलं. पंख्याचा वारा लागला तरी कळ येते. ब्लाउज घालवत नाही, म्हणून सासऱ्यांचा धुऊन धुऊन मऊ झालेला सदरा उलटा करून घालतात, म्हणजे शिवण अंगाला लागत नाही. प्रीगॅबॅलिन आणि रात्रीची ॲमिट्रिप्टिलिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांवर आत्ता कुठे त्या चार घास नीट जेवायला लागल्या होत्या. पोस्ट वाचून प्रीगॅबॅलिन बंद केली. एकदम, घरात कुणाला न सांगता. मग रात्र रात्र जाग, घाम, मळमळ, नुसती घालमेल. ही गोळी डॉक्टरांना विचारून डोस उतरवत उतरवत सोडायची असते. आणि मशीनची पॅड चिकटवली कुठे, तर जिथे सदऱ्याची शिवण सोसवत नाही नेमकी तिथे. कातडी सोलवटून निघाली.

मशीनवर माझा राग नाही. गोळ्यांच्या जोडीला आम्हीही वापरून बघणार आहोत. पण पेसमेकरवाल्यांनी लावू नये, मानेच्या पुढच्या बाजूला नको, गरोदरपणी पोटावर नको, जखमेवर नको, बधिर जागेवर नको, हे डब्यातल्या कागदावर छापलेलं असतं. अप्पांनी तो कागद उघडला होता का?

अप्पा_मिरजकर

ताई, सासूबाईंना त्रास झाला, वाईट वाटलं. परंतु त्याचं खापर माझ्यावर फोडू नका. मी माझा अनुभव लिहिला.

माझा मधुमेह जुना. रात्री पांघरुणाचा काठ पायाला लागला तरी पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे व्हायचे. तीच तुमची प्रीगॅबॅलिन मीही घेतली. घोटे सुजले, दिवसभर झापड, आणि एका पहाटे न्हाणीघरात भोवळ येऊन पडलो. नळाची तोटी कपाळाला लागली, टाके पडले. डॉक्टरांना सांगितलं तर मान वर न करता म्हणाले, डोस कमी करू, महिन्याने या. बाहेर फी घेणाऱ्या मुलीने माझ्याशी त्यांच्यापेक्षा जास्त वेळ बोलणं केलं. आज मी मशीन लावून बातम्या बघतो आणि मग झोपतो. साइड इफेक्ट कशाला म्हणतात ते आधी पडलेल्या माणसाला विचारा.

तिरकस

झोप लागते हे मान्य. ती मशीनमुळेच लागते हे कशावरून? गोळी थांबली, पडण्याची भीती गेली, लागली झोप.

नसांच्या दुखण्यावर टेन्सचा उपयोग होतो का, याचं कोक्रेनचं (उपचारांवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०१७ चं परीक्षण आहे. १५ अभ्यास, सगळी मिळून ७२४ माणसं, आणि पुरावा इतका कच्चा की ठामपणे काही सांगता येत नाही असा निष्कर्ष. कुठले उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ साली कंबरदुखी आणि सायटिकासाठी टेन्स देऊच नका असं सांगून टाकलं. रामबाण म्हणे.

अप्पा_मिरजकर

मला कंबरदुखी नाही, सायटिका नाही. आधी वाचा, मग तिरकस व्हा.

फिजिओ_स्वाती

तिरकस यांनी परीक्षण अर्धंच सांगितलं. त्यातच खोट्या, म्हणजे करंट न देणाऱ्या, मशीनशी तुलना केलेले पाच अभ्यास आहेत, आणि वेदनेच्या ० ते १० च्या मापावर दीड अंकाहून थोडा जास्त आराम खऱ्या मशीनच्या बाजूने आहे. अभ्यास छोटे आहेत, त्रुटी आहेत, हे कबूल. त्यातली एक त्रुटी टळणारी नाही. खऱ्या मशीनने मुंग्या येतात, खोट्याने येत नाहीत, मग आपल्याला कुठलं लावलंय ते पेशंटपासून लपणार कसं?

यामागचा विचार १९६५ सालचा आहे, मेल्झॅक आणि वॉल यांचा. स्पर्शाच्या जाड तंतूंतून संदेश जायला लागले की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडते. कोपर आपटलं की आपण चोळतो, ते त्यामुळेच. म्हणूनच नीलांबरीताई, पॅड त्या नाजूक जागेवर लावायची नसते. कडेला, जिथली त्वचा धड आहे आणि स्पर्श नीट कळतो तिथे, जमल्यास त्याच बरगडीच्या रेषेत मागे पाठीवर लावा. फ्रिक्वेन्सी ८० ते १०० हर्ट्झ ठेवा. करंट चांगला जोरकस लागला पाहिजे, पण टोचता कामा नये. लोक घाबरून इतका बारीक ठेवतात की तो लावून न लावल्यासारखाच. मुख्य आराम मशीन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ, एवढीच अपेक्षा ठेवा. आजार त्याने बरा होत नाही. आणि अप्पा, मधुमेहात तळवे बधिर झाले असतील तर तळव्यांवर अजिबात नको. चटका बसला तरी तुम्हाला कळणार नाही.

अर्थात हे सगळं कोण समजावतं? पडद्याआड झोपवायचं, पॅड चिकटवायची, बटण फिरवायचं आणि मोबाइल बघत बसायचं, अशी क्लिनिकं मी पाहिली आहेत. मग नाव बदनाम होतं आमचं.

तिरकस

कोपर मी फुकटात चोळतो. बाय द वे, पाटीवर नावापुढे 'डॉ.' आहे का?

फिजिओ_स्वाती

आहे. साडेचार वर्षं शिकून लावलंय. पुढे?

तिरकस

पुढे काही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं होतं, फिजिओंनी 'डॉ.' लावू नये म्हणून. सहज आठवलं.

फिजिओ_स्वाती

आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं, तेही सहज आठवू दे. पॅड कुठे लावायची ते इथे मी सांगितलं. तुम्ही काय सांगितलंत?

कोल्हापुरी_रस्सा

काय राव, यंत्र काय, गोळ्या काय. आमच्या आज्जीला नागीण झालती कमरेवर. गावातल्या तात्यांनी गेरू उगाळून लावला, दूर्वा-तांदळाचा लेप दिला, नागीण उतरवली. आठ-दहा दिवसांत सगळं साफ. एक रुपया घेतला नाही, नारळ घेतला फक्त. नागिणीची दोन तोंडं जुळायच्या आत गेरू लावायचा असतो, एवढंच पथ्य.

नीलांबरी

झालं, आता गेरू आला. फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआपच सुकतात हो. गेरू लावा, हळद लावा, नाहीतर भिंतीला लावायचा रंग लावा. प्रश्न फोडांचा नाहीच, मागे राहणाऱ्या दुखण्याचा आहे.

आणि ती तोंडं जुळत नसतात. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या नसांच्या गाठीत लपून बसतो. पुढे वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एका बाजूच्या एका नसेतून बाहेर पडतो. म्हणून सहसा अर्धा पट्टा उठतो आणि मधोमध येऊन थांबतो. तुमच्या तात्यांनी काही थांबवलेलं नाही.

कोल्हापुरी_रस्सा

तात्यांवर बोलायचं काम नाही. डॉक्टर दारात उभा करून घेत नव्हते तेव्हा गावाला तात्यांनीच सांभाळलंय. आणि आज्जीला नंतर काडीचं दुखलं नाही.

गवती_चहा

सगळ्यांना मागे दुखणं राहत नाही. तुमच्या आज्जीचं नशीब चांगलं. आमच्या काकांचं नव्हतं.

काकांच्या कपाळावर उठली. घरच्यांनी मारुतीच्या देवळामागच्या बाईकडे नेलं. तिने गेरू लावला, पाणी लावायचं नाही म्हणाली, आंबट बंद. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तेव्हा सगळे म्हणाले उष्णता. तो फोड म्हणजे डोळ्याला धोका असल्याची खूण असते, हे नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं. तोवर बुबुळ धुरकट झालं होतं. ॲसायक्लोव्हिर ही विषाणूवरची गोळी पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर तिचा खरा फायदा. ते तास आमच्या घरी गेरू वाळण्यात गेले. त्या बाईनेही पैसे घेतले नव्हते. काकांची आता कशावर सही लागली की बोट धरून जागा दाखवावी लागते.

डोंबिवली_फास्ट

गेरू सोडा, टेन्स सोडा. मुळात नागिणीची लस आहे ना? शिंग्रिक्स, भारतात २०२३ साली आली. पन्नाशीच्या पुढे दोन डोस. घेऊन मोकळे व्हा.

तिरकस

किंमतही लिहा की. एका डोसला दहा हजारांच्या आसपास. नवरा-बायको मिळून झाले चाळीस. इथे अप्पा दोन-अडीच हजारांच्या मशीनवर खूश आहेत.

परदेशस्थ_पाटील

आमच्याकडे इंग्लंडमध्ये नव्याने ६५ पूर्ण करणाऱ्यांना आणि ७० ते ७९ वयाच्यांना फुकट देतात, एनएचएसतर्फे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतर्फे. सर्जरीतून, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून, आपणहून बोलावणं येतं. भारतात सरकार

कोल्हापुरी_रस्सा

आलं का एनएचएस. नसांच्या तज्ज्ञाकडे नंबर लागायला तिकडं किती महिने थांबता तेबी सांगा.

परदेशस्थ_पाटील

वाक्य पुरं करू द्याल का? भारतात सरकार निदान साठीच्या पुढच्यांना सवलतीत देऊ शकतं, एवढंच म्हणायचं होतं. आई नागपूरला एकटी असते. तिच्या लशीसाठी पैसे पाठवले तर तिने गॅसची शेगडी घेतली. म्हणाली, मला काय होतंय.

डोंबिवली_फास्ट

सगळ्यांच्या आया अशाच. लशीने नागीण होण्याचं प्रमाण खूप कमी होतं आणि झालीच नाही तर मागचं दुखणंही नाही. चाळीस हजार जास्त आहेत, मान्य. पण याच पेन्शनीतून दरवर्षी घराला रंग निघतो.

तिरकस

लशीचं कमिशन किती मिळतं?

डोंबिवली_फास्ट

तुमच्या सगळ्या प्रतिसादांना मिळून जेवढे लाइक मिळतात तेवढं.

फिजिओ_स्वाती

मूळ विषय टेन्स होता, आठवण करून देते. शिवाय ज्यांना दुखणं आधीच लागलंय त्यांच्या दुखण्यावर लस चालत नाही. ती पुढची नागीण टाळायला आहे. नीलांबरीताईंच्या सासूबाईंना आज काय, ते बोला.

नीलांबरी

तेच. गोळी पुन्हा सुरू केली आहे, डॉक्टरांना विचारून, कमी डोसपासून. जोडीला लिग्नोकेनचा, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाचा, पॅच दिलाय. पण तो धड कातडीवरच लावायचा, म्हणून आधी सोलवटलेलं भरून यायची वाट बघतोय. स्वातीताई, पॅड पाठीकडे लावून पाहिली. 'बरं वाटतं की नाही?' विचारलं तर त्या 'हं' म्हणतात. आमच्याकडे 'हं'चे सतरा अर्थ होतात. तरी काल मशीन चालू असताना त्यांनी बसून मेथी निवडली, हे लिहिते. अप्पांनी याचा प्रचार करू नये.

अप्पा_मिरजकर

मेथी निवडली म्हणजे गुण आलाच की! परंतु मी काही बोलत नाही, बोललं की माणसं आजारी पडतात.

तिरकस

एका म्हातारीने मेथी निवडली. अभ्यास १५ वरून १६ वर गेले, माणसं ७२५.

नीलांबरी

तिरकस, तुमच्या घरात असं दुखणं आलं की तुम्ही परीक्षण वाचत बसाल की मशीन मागवाल?

तिरकस

मागवीन. ते माहीत आहे मला. म्हणून चालतं असं सिद्ध होत नाही, एवढंच.

गवती_चहा

अप्पा, ती 'गोळ्या फेकून द्या' ओळ काढा ना. कालच त्या पोस्टवर नवीन तिघांनी 'धन्यवाद, आजपासून बंद' लिहिलंय.

अप्पा_मिरजकर

ती ओळ काढली. 'डॉक्टरांना विचारून' असंही घातलं, म्हणजे महिन्याने या म्हणणाऱ्यांचा धंदा चालू राहील. बाकी एक अक्षर बदलणार नाही.

स्वातीताई, तळव्यांऐवजी घोट्याच्या वर, जिथे स्पर्श कळतो तिथे लावू लागलो आहे. पहिल्यासारखं वाटत नाही, परंतु वाईटही नाही. पॅड उन्हाळ्यात लवकर सुकतात, त्यांना पाण्याचा हात लावला तर चालतो का?

फिजिओ_स्वाती

जेलच्या पॅडला थेंबभर चालतो, नळाखाली धरू नका. वापरून झाल्या की त्यांच्या प्लास्टिकवर परत चिकटवून ठेवा. चिकटेनाशा झाल्या की बदला, कडा उचलली गेली की एकाच ठिकाणी करंट लागतो. आणि पेसमेकरचं तेवढं तुमच्या पोस्टमध्ये घाला.

कोल्हापुरी_रस्सा

गेरूला असली भानगड नाही. वाळला की गळून पडतोय.

अप्पा_मिरजकर

पेसमेकरचंही घातलं आहे, बघून घ्या. आमच्या कट्ट्यावर एकाला पेसमेकर आहे. त्याला मी मशीन वापरायला दिलं होतं, काल सकाळी जाऊन परत आणलं. तुमच्या सांगण्यावरून नव्हे, मला चार्जर हवा होता.

नीलांबरी

मिळाला ना चार्जर? बास.