विषय: रे: रे: सहल १९ जुलैलाच का??

निखिल, मंगळवार १३ जानेवारी, रात्री १०:४२

मंडळी,
शर्वरीने टाकलेलं मंडळाच्या सहलीच्या पॅव्हेलियनचं परमिट आत्ता उघडून बघितलं. रविवार १९ जुलै २०२६, सकाळी ११ ते संध्याकाळी ६. ठरवताना कोणी कॅलेंडर बघितलं होतं का? त्या दिवशी दुपारी ३ वाजता वर्ल्ड कपची फायनल आहे. कतारला नाही, रशियाला नाही, आपल्या न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला. टर्नपाइकवर एक्झिट १६डब्ल्यू!
आमची तीन घरं तरी येणार नाहीत. आत्ताच सांगून ठेवतोय, नंतर कोजागिरीसारखं माझं नाव यादीत वाचून दाखवू नका.
शनिवार १८ करता येईल का?
निखिल

शर्वरी (सचिव), मंगळवार, रात्री ११:१५

निखिल, डिपॉझिट भरून झालंय आणि ते परत मिळत नाही. पार्कची साइट २ तारखेला सकाळी ९ ला उघडली, ९:०७ ला मोठी पॅव्हेलियन्स संपली. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून हे केलंय. १८ गेलेला. १२ ला फक्त लहान शेड होती, साठ माणसांची. २५ ला आषाढी, दिंडीची तीच माणसं २६ ला पुन्हा टेबलं उचलणार नाहीत. शिवाय एकादशीपासून चातुर्मास, मग चिकनचा ग्रिल वेगळा की एकत्र हा वाद मला पुन्हा नकोय. ऑगस्टमध्ये निम्मी घरं भारतात.
आणि वर्ल्ड कप फेब्रुवारीत आहे ना?
शर्वरी

निखिल, मंगळवार, रात्री ११:१८

फेब्रुवारीत आहे तो टी-२०. मी वर्ल्ड कपबद्दल बोलतोय.

अण्णा, बुधवार १४ जानेवारी, पहाटे ५:५०

चि. निखिल,
"मी वर्ल्ड कपबद्दल बोलतोय" हे वाक्य जपून ठेवलं आहे.
सहलीत दुपारी ३ ते ५ ज्येष्ठ विरुद्ध कनिष्ठ टेनिस बॉलचा सामना असतो. बावीस वर्षं चालू आहे. एकदाच चुकला, तोही विजा कडकडल्या म्हणून. सॉकरसाठी चुकणार नाही. ९४ साली इथे वर्ल्ड कप झाला तेव्हाही ऑफिसात हेच ऐकलं होतं, आता अमेरिकेत सॉकर येणार, येणार. आला का? उलट क्रिकेट बघा. २०२४ ला आयझेनहॉवर पार्कात भारत-पाकिस्तान झाली, आपण ११९ ला सर्वबाद होऊन सहा धावांनी जिंकलो, मी होतो. त्याच्या तीन दिवस आधी डॅलसला अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं, सुपर ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने. सॉकरमध्ये आपलं कोण आहे?
अण्णा (क्रिकेट समिती)

मेधाताई, बुधवार, सकाळी ७:३०

सर्वांना सुप्रभात. तारीख कुठलीही ठेवा, मला आकडा महिनाभर आधी हवा. गेल्या वर्षी ११० सांगितले, आले १६४, आणि बटाटेवडे कमी पडले ते माझ्यामुळे असं अजून बोललं जातं.
माझं मोठं पितळी पातेलं (झाकणावर नाव घातलंय) गणपतीपासून परत आलेलं नाही. कोणाकडे आहे?
मेधाताई

सुहासकाका, बुधवार, दुपारी १२:१०

अण्णा,
> आला का?
उत्तर देतो. १८ जून ९४, जायंट्स स्टेडियम, आयर्लंड-इटली. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधल्या आयरिश माणसाची बायको बाळंत व्हायची होती म्हणून त्याचं तिकीट मला मिळालं. मला तेव्हा ऑफसाइडही कळत नव्हतं. उकाडा असा की पत्र्याच्या बाकावर हात ठेववत नव्हता. आपल्याला वाटलं न्यू जर्सी म्हणजे इटालियन लोकांचं घर, आत जाऊन बघतो तर सगळं हिरवं. अकराव्या मिनिटाला आयर्लंडच्या रे हॉटनने लांबून गोल मारला आणि मागच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला उचललं. अक्षरशः उचललं. १-० वर सामना संपला. खाली प्लॅस्टिकचं मैदान होतं, त्यावर वर्ल्ड कपसाठी खरं गवत आणून अंथरलं होतं. यंदाही तेच करावं लागणार आहे, कारण फायनलच्या नव्या स्टेडियमातही प्लॅस्टिकच आहे.
त्या स्पर्धेत २४ संघ आणि ५२ सामने, तरी एकूण ३५ लाख ८७ हजार माणसं आली. पुढे ३२ संघ झाले, ६४ सामने झाले, तो आकडा कोणाला मोडता आला नाही. यंदा ४८ संघ आणि १०४ सामने आहेत, यंदा मोडेल. ९६ ला इथली सॉकर लीग, एमएलएस, दहा संघांवर सुरू झाली, आज तीस आहेत. २०२३ ला मेस्सी आला तोवर लीग चांगली पंचविशी ओलांडून बसली होती. तेव्हा "आला का" हे तीस वर्षं उशिरा विचारताय.
सुहास

ता. क. पेलेचा निरोपाचा सामनाही जायंट्स स्टेडियमवरच, १ ऑक्टोबर १९७७. त्याच्या आठवडाभर आधी तो त्याच्या न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबबरोबर कलकत्त्यात ईडन गार्डनवर मोहन बागानविरुद्ध खेळून आला होता, २-२. आमचे वडील तेव्हा तिकडे बदलीवर होते, त्यांनी त्या तिकिटाचं अर्धुक मरेपर्यंत पाकिटात ठेवलं.

विनायकराव, बुधवार, दुपारी १:०५

सुहासराव, सुंदर आठवण. मुळात १९५० च्या वर्ल्ड कपला भारत पात्र होता. बूट घालणार नाही म्हटल्यावर फिफाने येऊ दिलं नाही, नाहीतर आज चित्र वेगळं असतं.

शिल्पा, बुधवार, दुपारी १:४०

विनायककाका, ही बुटांची गोष्ट दर चार वर्षांनी या लिस्टवर येते. अनवाणी खेळले ते ४८ च्या लंडन ऑलिंपिकला, फ्रान्सकडून २-१ हरले. ५० ला गेलो नाही त्याला बूट कारण नव्हते. ब्राझीलचा बोटीचा प्रवास लांबचा होता आणि आपल्या फेडरेशनला ऑलिंपिक मोठं वाटायचं, वर्ल्ड कपचं कौतुक नव्हतं. म्हणजे आत्ता आपल्या समितीला जसं नाही तसंच. 🙂
आणि अण्णा, "आपलं कोण" म्हणजे काय? आमच्या गोव्याचा ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचा कप्तान होता. आमच्याकडे मडगावला फातोर्ड्यावर मॅच असली की घरातला जेवणाचा वेळ बदलायचा, मॅचचा नाही.
शिल्पा

संजय कोल्हापूरकर, बुधवार, दुपारी २:२२

शिल्पाताई, गोव्याचं बरोबर आहे पण कोल्हापूर राहिलं. आमच्यात तालमींचेच फुटबॉल संघ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. आखाड्यात कुस्ती आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉल, माणसं तीच. मॅचच्या दिवशी शिवाजी पेठेतल्या माणसानं मंगळवार पेठेत जायचं नाही, सासुरवाडी असली तरी नाही. वर्ल्ड कपला गल्लीच्या एका टोकाला ब्राझील, दुसऱ्याला अर्जेंटिना, मध्ये पताका. २०१७ ला भारतात १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला त्यात आमचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. हे सगळं सोडून इथं आलो, आणि फायनल घरापासून तीस मैलांवर आहे तर मी पॅव्हेलियनमध्ये कांदा कापत बसू? नाद करायचा न्हाई.
संजय

मेधाताई, बुधवार, दुपारी ३:००

संजय, कांदा तू गेल्या वर्षीही कापला नाहीस.

प्रसाद (खजिनदार), बुधवार, संध्याकाळी ६:३५

सूचना: सहल आहे तशीच ठेवू आणि पॅव्हेलियनमध्ये मोठी स्क्रीन लावू. इंग्रजीत फॉक्सवर आहे, स्पॅनिशमध्ये टेलेमुंडोवर. माझ्याकडे प्रोजेक्टर आहे.

निखिल, बुधवार, संध्याकाळी ६:४१

प्रसाददा, जुलैत दुपारी ३ वाजता उघड्यावर प्रोजेक्टर? पांढऱ्या चादरीवर पांढरा उजेड दिसेल. आणि परमिटच्या मागच्या पानावर जनरेटर चालणार नाही असं लिहिलंय. पॅव्हेलियनला प्लग एकच, त्यावर चहाची किटली.

प्रसाद, बुधवार, संध्याकाळी ६:५०

किटली काढू.

मेधाताई, बुधवार, संध्याकाळी ६:५२

किटली काढणार नाही.

सुहासकाका, बुधवार, रात्री ८:१५

स्क्रीन लावलीत तर टेलेमुंडो लावा. त्यांचा समालोचक आंद्रेस कांतोर "गोSSSSल" म्हणतो तेव्हा स्पॅनिश यावी लागत नाही. ९४ ला त्यानेच अर्ध्या अमेरिकेला हा खेळ ऐकवला. इंग्रजीत गोल झाल्यावर आकडेवारी सांगतात.

अण्णा, बुधवार, रात्री ९:०५

सुहास, आकडे तूच दिलेस दुपारी.
माझा मुद्दा साधा आहे. मंडळाच्या कार्यक्रमाची वेळ बाहेरच्या खेळावर ठरू लागली तर उद्या अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलसाठी संक्रांत हलवाल. "सॉकर" हा शब्दसुद्धा अमेरिकन, जगात कोणी म्हणत नाही.

शिल्पा, बुधवार, रात्री ९:२०

शब्द इंग्लंडचा आहे अण्णा. "असोसिएशन फुटबॉल" मधल्या "सॉक" वरून तिथल्याच पोरांनी काढला. आपणही असोसिएशनच आहोत. आणि संक्रांत सुपर बोलमुळे नाही, हॉल मिळत नाही म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत होतेच.

मानसी, बुधवार, रात्री ११:४८

सहसा लिहीत नाही, आज लिहिते.
रविवारी मराठी शाळेत चौथीच्या वर्गात "छंद" हा धडा होता. कोण काय खेळतं विचारलं. दोन मुलं सोडून सगळ्यांचे हात सॉकरला. एक पोहणं, एक बुद्धिबळ. क्रिकेटला एकही नाही, अण्णा, तुमच्या नातवाचाही नाही. (तो गोलकीपर आहे. चांगला आहे.)
आपण इथे "अमेरिकेत सॉकर येतोय का" यावर रात्र घालवतोय, आणि आपल्याच गाडीच्या डिकीत शिनगार्ड आहेत. पाच वर्षं दर शनिवारी सकाळी ७ ला मी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या मैदानावर खुर्ची उघडून बसते, हाफटाइमला संत्र्याच्या फोडी वाटते. तिथे कोरियन आई असते, एक्वाडोरचे बाबा असतात, गोरे आजीआजोबा असतात. आमची सई तेरा वर्षांची आहे. तिच्या दृष्टीने हा मुलींचा खेळ आहे, कारण इथल्या मुलींनी चार वर्ल्ड कप आणलेत आणि मुलांनी एकही नाही. २०१८ ला तर मुलगे पात्रही ठरले नाहीत. ९९ च्या मुलींच्या वर्ल्ड कपचा पहिला सामना आपल्याच जायंट्स स्टेडियमवर झाला, ७८,९७२ माणसं होती, फायनलला पॅसाडेनाला ९०,१८५. हे आकडे मला सईने पाठ करून घेतले, मी तिला पाढे घेतले तसे.
फायनलची तिकिटं घेणं आपल्यापैकी कोणाला शक्य नाही. फिफाने सुरुवातीलाच सगळ्यात महाग तिकीट ६,७३० डॉलर सांगितलं. ९४ ला सगळ्यात महाग होतं ४७५. तेव्हा पोरं टीव्हीवरच बघणार, पण आपल्या गावात होणारी फायनल ती पुन्हा कधी बघतील? सहलीला त्यांना ओढून आणलं तर टेबलाखाली फोन घेऊन बसतील आणि आपण म्हणू, मुलं मंडळात मिसळत नाहीत.
मानसी

शर्वरी, गुरुवार १५ जानेवारी, सकाळी ८:५५

पार्क ऑफिसला फोन केला. वेळ बदलून सकाळी ८ ते दुपारी २ करता येते, ४० डॉलर. १:३० ला जागा रिकामी करायला सुरुवात करावी लागेल. म्हणजे जेवणाऐवजी सकाळची मिसळ, आणि ग्रिल ११ ला पेटवायचा. मेधाताई, जमेल?

निखिल, गुरुवार, सकाळी ९:०२

शर्वरी, तू ग्रेट आहेस. २ ला निघालो तर ३ पर्यंत घरी. फक्त टर्नपाइक नको, त्या दिवशी सगळं जग उत्तरेला जात असणार.

विनायकराव, गुरुवार, सकाळी ९:४०

सकाळी ८ ला कोण येणार? आपलं मंडळ ११ च्या कार्यक्रमाला १२:१५ ला येतं.

संजय, गुरुवार, सकाळी ९:४४

मिसळ म्हटल्यावर येतील. कट मी करणार, तुमची पुणेरी नको.

मेधाताई, गुरुवार, सकाळी १०:२०

जमेल. कट संजयने करावा, मी बाजूला उभी राहीन. पण १६४ माणसांची मटकी कशात शिजवू? पातेलं??

अण्णा, गुरुवार, सकाळी ११:१०

सकाळी ८ ला क्रिकेट घेतलं तर गवतावर दव असतं, बॉल जड होतो. ८:४५ ला टॉस, दहा-दहा षटकं, १०:३० ला संपेल. उन्हापेक्षा बरंच. त्यानंतर मैदान ज्यांना हवं त्यांनी घ्यावं. गोलपोस्ट समितीने पुरवायचे नाहीत, ज्यांनी त्यांनी आणावेत.
मानसी, नातू गोलकीपर आहे हे मला माहीत नव्हतं. शनिवारी कुठल्या मैदानावर असतात ते वेगळ्या मेलवर कळव.
अण्णा

प्रसाद (खजिनदार), गुरुवार, सकाळी ११:३०

४० डॉलर कोणत्या खात्यातून? सहलीचं बजेट डिसेंबरच्या सभेत मंजूर झालंय.

निखिल, गुरुवार, सकाळी ११:३१

मी देतो!!

प्रसाद, गुरुवार, सकाळी ११:४०

तसं देता येत नाही. देणगी दाखवावी लागेल, पावती लागेल. आणि एक लक्षात घ्या, यंदा फायनलला मध्यंतरात गाण्याचा कार्यक्रम आहे, दोन्ही हाफमध्ये पाणी प्यायला थांबणार, आणि वीज चमकली तर खेळ बंद. गेल्या वर्षी क्लब वर्ल्ड कपला शार्लटला चेल्सी-बेनफिका जवळजवळ दोन तास थांबली होती. तेव्हा त्या संध्याकाळी ७ ला समितीची ऑनलाइन बैठक लावलीय ती ९ ला न्यावी अशी माझी सूचना.

शर्वरी, गुरुवार, सकाळी ११:४२

सहलीच्या दिवशी रात्री बैठक कोणी लावली?

प्रसाद, गुरुवार, सकाळी ११:४३

गणपतीच्या हॉलची. यंदा अधिक महिन्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला, सोमवार. विसर्जनाचा रविवार ठरायचाय.

निखिल, गुरुवार, सकाळी ११:४५

सप्टेंबरच्या रविवारी दुपारी एनएफएल (अमेरिकन फुटबॉल) सुरू होतं, आधी बघून घ्या.

अण्णा, गुरुवार, सकाळी ११:५०

निखिल.

सुहासकाका, गुरुवार, दुपारी १२:०५

मेधाताई, पितळी पातेलं आमच्या गराजमध्ये आहे. आत फुटबॉल, पंप आणि नातीचे बूट ठेवलेत, म्हणून ओळखलं नाही. घासून शनिवारी आणून देतो.