मदत हवी आहे: मामांच्या ट्यूमरची जीन टेस्ट करावी का?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या साखळीचे माझे मामा, वय 58. डाव्या गालाच्या आत कॅन्सर, तंबाखू ठेवायचे अगदी तिथेच. ऑपरेशन झालं, आता बांबोळीच्या हॉस्पिटलात रेडिएशन आणि आठवड्याला एक सिस्प्लॅटिन, म्हणजे केमोचं औषध. पेजसुद्धा गाळून, थंड करून द्यावी लागते.

एका नातेवाइकाने जीन टेस्टचा लकडा लावलाय. मी वाचलं त्यानुसार या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त बिघडलेलं सापडतं ते टीपी53 जनुक (एरवी पेशींची बेसुमार वाढ रोखणारं), आणि असा बिघाड असलेले रुग्ण सरासरीने कमी जगतात. पी16 (ट्यूमरमध्ये तपासतात ते एक प्रथिन) पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, हे मुख्यतः टॉन्सिल, जिभेचं मूळ अशा घशाकडच्या कॅन्सरला लागू, गालाला नाही. मामी मात्र रिपोर्टवर ‘पी16 निगेटिव्ह’ बघून दोन दिवस जेवली नाही!

टीपी53 कळून मामांचं औषध बदलणार आहे का, की नुसती घरात धास्ती? त्यांचा मुलगा विचारतो, हे माझ्यातही उतरेल का. ट्यूमरमध्ये नंतर झालेला बदल वेगळा आणि जन्मतः आलेला वेगळा, एवढं सांगितलं, पण त्याला पटलेलं दिसत नाही.

कुणी ही टेस्ट केली असेल तर डॉक्टरांनी पुढे नेमकं काय केलं ते कळवा. गुरुवारी ओपीडी आहे, त्याआधी कळलं तर बरं.