मदत हवी आहे: क्रिटिकल केअरसाठी (अतिदक्षता नर्सिंगसाठी) कोणता कोर्स? फॉर्म भरायचाय

म्हापसेकर: गोव्यात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. एमएस्सी, एनपीसीसी (नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर) की पोस्ट बेसिक डिप्लोमा (नर्सिंग झाल्यावरचा)? बेळगावलाही जाईन. लवकर सांगा.

फोंडा_वॉर्ड: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) की बीएस्सी? टक्के किती? नोकरी कायम की कंत्राटी? त्यावरच सगळं ठरतं.

व्हेंटवाली: एनपीसीसीच घे, ताई. दोन वर्षं रेसिडेन्सी (हॉस्पिटलात काम करत शिकणं), बहुतेक वेळ बेडपाशीच. एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) वाचणं, व्हेंटिलेटर वीनिंग (पेशंटला हळूहळू मशीनवरून काढणं) हातात बसतं.

बांबोळी_ट्यूटर: आधी पात्रता बघा. एनपीसीसीला बीएस्सी, 55 टक्के आणि एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो. एमएस्सीत ‘मेडिकल सर्जिकल नर्सिंग’ शोधा, क्रिटिकल केअर ही त्यातली उपशाखा. वेगळ्या नावाने शोधाल तर यादीत सापडणार नाही.

म्हापसेकर: जीएनएम. नोकरी कंत्राटी.

बांबोळी_ट्यूटर: मग एमएस्सी आणि एनपीसीसी आत्ता दोन्ही बंद. डिप्लोमा एक वर्षाचा, त्याला जीएनएम चालतं. पण तो पदवी नव्हे, त्यावर एमएस्सीला प्रवेश मिळत नाही. शिकवण्याकडे जायचं असेल तर आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, त्यात 55 टक्के, मग एमएस्सी. अनुभवाचं वर्ष पोस्ट बेसिकच्या आधीचं असलं तरी धरतात, म्हणून दाखला आत्ताच घेऊन ठेवा. त्यावर रुजू तारीख आणि आजपर्यंतची किंवा सोडल्याची तारीख हवी, ‘आयसीयू’ हा शब्दही असलेला बरा.

व्हेंटवाली: डिप्लोम्यात वर्ष घालवून काय मिळणार?

फोंडा_वॉर्ड: बेडपाशीच राहायचं असेल तर पुष्कळ मिळतं. एनपीसीसी करण्याआधी भरतीच्या जाहिरातींत ते पद दिसतं का, तेही बघायला हवं.



बांबोळी_ट्यूटर: म्हापसेकर, बेळगावला जाणार असाल तर गोवा नर्सिंग कौन्सिलकडून एनओसी आणि पडताळणी घेऊन कर्नाटक कौन्सिलची नोंदणी करावी लागेल. कागद फिरायला वेळ लागतो, फॉर्मबरोबरच अर्ज टाका.

म्हापसेकर: शिकवायचं नाही, आयसीयूतच राहायचंय. कॉन्ट्रॅक्ट मध्येच सोडलं तर अनुभवाचा दाखला अडवतात का?

फोंडा_वॉर्ड: करारातलं नोटीस आणि बॉण्डचं कलम इथे टाका.